यंत्राला अनुदान मिळालं, बीला नाही : काजू युनिटच्या अनुदानाचे ५७७ दिवस

१२ ऑगस्ट २०२२ ला तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पहिली चौकशी केली आणि ११ मार्च २०२४ ला अनुदानाची रक्कम बँकेत जमा झाली. मधल्या ५७७ दिवसांत काय काय झालं, किती पैसे गेले आणि कुठे अडलं, ते क्रमाने लिहितो आहे. अर्ज करण्याआधी असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान चार महिने वाचले असते.

योजना म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, सगळे तिला पीएमएफएमई म्हणतात. ती जून २०२० मध्ये सुरू झाली. खर्चाचा वाटा केंद्र ६०, राज्य ४०. महाराष्ट्रात ती कृषी विभागाकडे आहे, उद्योग विभागाकडे नाही, हे पहिलं लक्षात ठेवायचं. आम्ही आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन एक दिवस घालवला.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. कोल्हापूर म्हटलं की ऊस आणि गूळ, पण चंदगड-आजऱ्याच्या डोंगरपट्ट्यात काजू आहे. वर्षानुवर्षं बी पोत्यात भरून व्यापाऱ्याला जायची आणि गर दुसरीकडे कुठेतरी निघायचा. आमच्याकडे पडवीत पायाने चालवायची दोन कटर होती, दिवसाला २५-३० किलो बी फुटायची. ते वाढवून दिवसाला दोन पोती, म्हणजे १६० किलो करायचं होतं. पोतं ८० किलोचं धरतात आणि ढोबळ हिशेब असा की चार किलो बीला एक किलो गर.

पहिला प्रश्न यादीचा होता. योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' आहे आणि कोल्हापूरचं उत्पादन गूळ. मग काजूला मिळेल का? मिळतं. आधीपासून चालू असलेलं युनिट वाढवायचं असेल तर यादीबाहेरचं उत्पादनही बसतं. मात्र 'आधीपासून चालू' हे कागदावर दिसावं लागतं. आमच्याकडे अन्नसुरक्षेची जुनी १०० रुपयांची नोंदणी आणि दोन वर्षांची विक्रीची बिलं होती, त्यावर निभावलं. फक्त वीजबिल वडिलांच्या नावावर आणि नोंदणी मुलाच्या नावावर, म्हणून १०० रुपयांच्या स्टँपवर वडिलांचं संमतिपत्र करून जोडलं. (ऑक्टोबर २०२४ पासून करारांना किमान ५०० रुपयांचा स्टँप लागतो.)

पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, विचार का केला नाही, असं पुष्कळ जण विचारतात. तिथे प्रकल्पाची मर्यादा मोठी आहे, पण ती नव्या युनिटसाठी आहे. पडवीतलं चालू युनिट 'नवं' म्हणून दाखवायचा सल्ला एका एजंटाने दिला होता. नोंदणीची तारीखच तो दावा खोटा पाडणार होती, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

आता अनुदानाचा हिशेब. पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. जमिनीची किंमत धरत नाहीत. शेडचं बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरतात. आणि खेळतं भांडवल अनुदानात अजिबात नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, त्याचा अर्थ कळायला दहा महिने लागले.

कृषी कार्यालयाने डीआरपीचा, म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्तीचा, नंबर दिला. पोर्टलवर अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल तयार करणं, बँकेत पाठपुरावा करणं ही कामं डीआरपीची. मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे शासन त्यांना २० हजार देतं, अर्धे मंजुरीनंतर आणि उरलेले नोंदण्या-प्रशिक्षण पार पडल्यावर. अर्जदाराने त्यांना एक रुपयाही द्यायचा नाही. आमच्या डीआरपींनी मागितलेही नाहीत. पण त्यांच्याकडे एका वेळी बरीच प्रकरणं असतात आणि अहवाल साच्यातून निघतो. आमच्या पहिल्या मसुद्यात कच्च्या मालाच्या रकान्यात 'हरभरा डाळ' राहिली होती. ते हसण्यावारी नेलं आणि 'डाळ' खोडून 'काजू बी' करून घेतलं. खरी चूक त्याच्या खालच्या दोन ओळींत होती, तिच्याकडे लक्षच गेलं नाही. तिच्याविषयी पुढे.

कोटेशनं गोळा करायला महिना गेला. प्रत्येक यंत्राची दोन घेतली. जीएसटी धरून शेवटी ठरलेल्या किमती अशा : बेबी बॉयलर आणि कुकर १,३५,०००, स्वयंचलित कटिंग मशीन २,९०,०००, टरफल आणि गर वेगळं करणारी हलती चाळण ७०,०००, बोरमा (गर वाळवायची भट्टी) १,६५,०००, पीलिंग मशीन आणि त्याचा कॉम्प्रेसर २,३०,०००, ग्रेडिंगची टेबलं, वजनकाटा आणि पॅकिंग ७०,०००. यंत्रं मिळून ९,६०,०००. शेडची फरशी, भिंतीला टाइल्स, जाळ्या आणि पाण्याचा निचरा २,४०,०००. एकूण १२ लाख. अनुदान ४,२०,०००, स्वतःचे १,२०,०००, बँकेचं मुदत कर्ज १०,८०,०००. बांधकाम २० टक्क्यांत बसलं, म्हणून त्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

कोटेशन घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, बॉयलरची पाण्याची क्षमता. २५ लिटरच्या वर गेलात की बॉयलर कायद्याची नोंदणी आणि तपासणी मागे लागते. पुरवठादाराकडून 'नॉन-आयबीआर', म्हणजे या कायद्याबाहेरचा, असं लेखी घ्यावं, बँक ते मागते. दुसरी गोष्ट आमची राहून गेली : बी आकारानुसार वेगळी करणारं साइझिंग मशीन. कटिंग मशीनची पाती एका आकाराला लावलेली असतात. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी पावणेआठ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची आणि आमच्याकडची गावठी त्याच्या निम्मी. सगळी एकत्र टाकली तर मोठी बी गरासकट चिरते आणि लहान बी न फुटताच पुढे जाते. यंत्र विकणाऱ्याने आपल्या शेडमध्ये एका आकाराची बी वापरून झकास चालवून दाखवलं होतं. घरी आमच्या मिसळ बीवर पहिल्या दिवशी अख्ख्या गरापेक्षा पाकळी आणि तुकडाच जास्त निघाला. अहवालात नसलेलं यंत्र मंजुरीनंतर घुसवता आलं नाही, म्हणून साइझिंग मशीनचे ५५,००० पदरचे गेले. पस्तीस टक्क्यांच्या हिशेबाने १९,२५० रुपयांचं अनुदान हुकलं, तेही एक ओळ राहिली म्हणून.

पोर्टलवर अर्ज २७ सप्टेंबर २०२२ ला गेला. आधार, पॅन, बँकेचं सहा महिन्यांचं विवरण, ग्रामपंचायतीचा ८-अ उतारा, ना हरकत दाखला, वीजबिल, उद्यम नोंदणी, कोटेशनं, जागेचे फोटो. उद्यम नोंदणी फुकट आहे. गूगलवर शोधलं की पैसे घेणाऱ्या खाजगी साइट आधी दिसतात, सरकारी साइटचा पत्ता gov.in ने, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का ते बघूनच पुढे जावं. नावाचं स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर एक आणि पासबुकावर तिसरंच, असं असेल तर अर्ज भरण्याच्या आधी ते सरळ करून घ्या. नंतर प्रत्येक टप्प्यावर ते नव्याने आडवं येतं. एका घरातून एकच अर्ज चालतो, आणि घर म्हणजे नवरा, बायको, मुलं. बचत गटातल्या बायकांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंतच्या बीजभांडवलाची सोय आहे, ती उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) मार्फत, वेगळ्या वाटेने.

जिल्हास्तरीय समितीची बैठक १८ नोव्हेंबरला झाली. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, अग्रणी बँकेचे व्यवस्थापकही असतात. अर्जदाराला बोलावणं नव्हतं. पोर्टलवर स्थिती बदलली आणि प्रकरण बँकेकडे 'शिफारस' होऊन गेलं. शिफारस झाली म्हणजे कर्ज मिळालं, असं गावात सगळ्यांना वाटलं, आम्हालाही थोडं वाटलंच. समिती फक्त पात्रता बघते. कर्ज द्यायचं की नाही, ते शाखा ठरवते.

५ जानेवारी २०२३ ला शाखेने नकार दिला. कारण सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल. २०१९ मध्ये पूर्ण फेडलेलं दुचाकीचं कर्ज अहवालात अजून चालू दिसत होतं, १,८४० रुपये थकीत. साडेदहा लाखांच्या वरचं प्रकरण अठराशे चाळीस रुपयांवर अडलं याचा राग येतो, पण शाखेच्या जागी बसून बघितलं तर त्यांच्या पडद्यावर फक्त 'थकबाकी' हा शब्द दिसत असतो. फायनान्स कंपनीचा ना देय दाखला घरात होता, ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. तो जोडून सिबिलच्या साइटवर ऑनलाइन तक्रार केली. ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, आमचा १४ फेब्रुवारीला लागला. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्ज करण्याच्या आधी तो काढून बघा, स्वतःचाही आणि सहकर्जदाराचाही. कुणाला जामीन राहिला असाल तर तेही तिथे दिसतं.

तोवर काजूचा हंगाम उंबरठ्यावर आला होता. आमच्याकडे बी मार्चला सुरू होते आणि मेअखेर संपते, वळवाने गाठलं तर त्याच्याही आधी. २०२३ चा हंगाम पायाच्या कटरवरच गेला.

शाखेचे अधिकारी ९ मार्चला जागा बघून गेले. मग मार्चअखेर. त्या महिन्यात बँकेत नवीन कर्जाचं नाव काढू नये, वसुलीचे दिवस असतात. मग मे महिन्यात व्यवस्थापकांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. इथे डीआरपी उपयोगी पडले. त्यांनी सगळ्या कागदांची एक यादी करून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, वरच्या बाजूला समितीच्या शिफारशीचं पत्र लावून नवी फाइल बांधली. दहा दिवसांत ती हलली. आमची पहिली फाइल म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतला गठ्ठा होता.

मंजुरीपत्र १६ जूनला मिळालं. ते घरी नेऊन वाचू नका, तिथेच बसून वाचा. योजनेचं नाव मंजुरीपत्रात लिहिलेलं आहे का? प्रकल्पखर्च पोर्टलवरच्या आकड्याशी जुळतो का? तारण 'सीजीटीएमएसई' (लहान उद्योगाच्या कर्जाला मिळणारी सरकारी हमी) लिहिलं आहे का? हमी असेल तर घर किंवा जमीन गहाण टाकावी लागत नाही, वार्षिक फी भरावी लागते. आमच्या १४,८०,००० च्या एकूण कर्जावर ती ०.५५ टक्के दराने ८,१४० रुपये आली. मुदत सात वर्षं, पहिले सहा महिने हप्ता नाही, त्या काळात फक्त व्याज. त्या वेळी दर साडेदहा टक्के. नंतरचा हप्ता १९ हजारांच्या थोडा वर बसला.

एकूण कर्ज १४,८०,००० म्हणजे मुदत कर्ज १०,८०,००० आणि खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा ४ लाख. हे चार लाख वाचून तोंड उतरलं. काजूचा धंदा करणाऱ्याला का ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी हिशेब मांडतो. त्या वर्षी बी सरासरी ११० रुपये किलोने पडत होती. ४ लाखांत ३,६३६ किलो, म्हणजे ४५ पोती. दिवसाला दोन पोती फोडायची तर २२ दिवसांचा माल. आणि बी काही बारा महिने मिळत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत जी घ्याल तीच वर्षभर फोडायची. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून घ्यायची तर दर चढलेला आणि माल कुबट.

साहेबांना विचारलं, एवढीच मर्यादा का? त्यांनी आमचाच अहवाल उघडून पुढे सरकवला. "तुम्हीच पहिल्या वर्षाची उलाढाल २० लाख लिहिली आहे. लहान उद्योगाला आम्ही उलाढालीच्या २० टक्के धरतो. वीस लाखांचे चार लाख. माझ्या हातात काय आहे?"

हीच ती डाळीच्या खालची ओळ. उलाढाल कमी दाखवली की जोखीम कमी दिसते, कर कमी, चौकशी कमी, असा सल्ला दोघांतिघांनी दिला होता आणि आम्ही तो मानला. शिवाय साच्यात 'कच्चा माल वर्षभर उपलब्ध, साठा ३० दिवस' असं छापलेलं होतं. डाळीच्या गिरणीला ते बरोबर, काजूला साफ चूक. हंगामी माल असेल तर अहवालात स्पष्ट लिहून घ्या : खरेदी कोणत्या महिन्यांत, साठा किती महिन्यांचा, मर्यादा कोणत्या महिन्यात कमाल लागेल. उलाढाल यंत्राच्या क्षमतेच्या ५०-६० टक्क्यांवर खरी तेवढी धरा. आमच्या यंत्रांची क्षमता वर्षाला ५०० पोत्यांची आहे, म्हणजे ४० टन बी. वीस लाखांच्या उलाढालीला १२ टन पुरते, १५० पोती, ७५ दिवसांचं काम. उरलेलं वर्ष यंत्रं बघत बसणार आणि हप्ता मात्र बारा महिने जाणार. लोखंडाला अनुदान मिळतं, बीला मिळत नाही, आणि धंदा बीत असतो.

मंजुरीनंतरची कागदपत्रं पटकन आटोपतात, पैसे मात्र जातात : स्टँप आणि करारनामे ५,४००, विमा ७,२००, सीएचे ६,५००. तेव्हा उलाढाल १२ लाखांच्या वर दाखवली की अन्नसुरक्षेची साधी नोंदणी चालत नव्हती, राज्य परवाना लागायचा. त्याची फी दिवसाला एक टनाच्या आतल्या उत्पादकाला वर्षाला ३,००० होती. त्याला शेडचा नकाशा आणि पाण्याचा तपासणी अहवाल जोडावा लागला. पाण्याला १,८०० गेले. जीएसटीला वस्तूंसाठी ४० लाखांची मर्यादा आहे, पण आमचं गिऱ्हाईक बेळगाव आणि गोव्याचं. राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आणि नोंदणी झाली की शेतकऱ्याकडून घेतलेल्या न फोडलेल्या काजूवर ५ टक्के कर खरेदीदाराने भरायचा, रोखीने. तो नंतर गराच्या करातून वळता होतो, पण आधी खिशातून जातो. १२ टन बीवर १३,२०,००० ची खरेदी आणि ६६,००० कर. चार लाखांच्या मर्यादेतून हेही काढायचं.

पहिला हप्ता ४ जुलैला सुटला. पद्धत अशी : आपला १० टक्के हिस्सा आधी खात्यात भरायचा, मग बँक पुरवठादाराला थेट आरटीजीएस करते. आपल्या हातात पैसे येत नाहीत आणि यावेत असा आग्रहही धरू नये. मंजुरीच्या आधी स्वतः रोख देऊन यंत्र आणलं तर ते प्रकल्पात दाखवता येत नाही. ओळखीच्या एकाचं पूर्ण प्रकरण यावरच बसलं. बिलावर यंत्राचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक कोटेशनप्रमाणेच हवेत.

यंत्रं २२ ऑगस्टला आली. वीज ३ ऑक्टोबरला. मधले ४२ दिवस ती ताडपत्रीखाली होती, आणि चंदगडचा पाऊस ज्याने बघितला आहे त्याला ताडपत्रीखालचं लोखंड कसं दिसतं ते माहीत आहे. दोष आमचाच. एकट्या कॉम्प्रेसरची मोटार १० एचपीची, सगळा भार १५ एचपी, त्याला थ्री फेज औद्योगिक जोडणी लागणार हे कोटेशनवर छापलेलं होतं. महावितरणला अर्ज केला तो यंत्रांचे पैसे गेल्यावर. दोन खांब टाकावे लागले, ३८,६०० भरले. वीजजोडणीचा अर्ज मंजुरीपत्र हातात पडलं त्याच दिवशी द्यावा, त्याच्या आधी जमलं तर आणखी बरं.

चाचणी पडवीत शिल्लक असलेल्या सहा पोत्यांवर घेतली. वाफवलेली बी पसरून एक दिवस गार करायची, मग कापायची. गरम बी कापली तर टरफलातलं तेल गराला लागतं आणि त्यावर काळे डाग पडतात. ते डाग जात नाहीत, माल थेट खालच्या प्रतीत. गर बोरम्यात ७० अंशांवर सहा ते आठ तास. कमी वाळला तर साल सुटत नाही, जास्त वाळला तर पीलिंगच्या हवेनेच तुटतो. आम्ही पहिल्या घाण्याला साडेनऊ तास ठेवला होता, घाई नको म्हणून. ऑक्टोबरची दमट हवा असल्याने बोरम्यातून काढलेला गर डब्यात बंद न करता रात्रभर उघडा ठेवला, तर सकाळी साल पुन्हा चिकटून बसलेली. त्यानंतर त्याच दिवशी जेवढं पीलिंग होईल तेवढाच घाणा लावायचा, असं ठरलं.

शेवटचा हप्ता २० ऑक्टोबर २०२३ ला सुटला. ही तारीख लिहून ठेवण्यासारखी आहे. पुढचे तीन वर्षं तिच्यापासून मोजायचे असतात.

अनुदानाची मागणी आपण करत नाही, शाखा पोर्टलवरून करते. नोव्हेंबरमध्ये शाखेने ती टाकली, डिसेंबरात परत आली. कारण : यंत्रांचे फोटो स्थान आणि तारखेसह नव्हते, आणि एका बिलावर 'कॅश्यू कटर' तर कोटेशनवर 'ऑटो शेलिंग मशीन'. पुरवठादाराकडून दोन्ही नावं एकाच यंत्राची आहेत असं पत्र आणलं, मोबाइलवरच्या जीपीएस कॅमेऱ्याने फोटो पुन्हा काढले. मधल्या काळात तीन दिवसांचं प्रशिक्षणही पुरं करून त्याचा दाखला जोडला. ते आधीच करून टाकलं असतं तर बरं झालं असतं, कारण जानेवारीत तुकडीच भरत नव्हती. ११ मार्च २०२४ ला ४,२०,००० जमा झाले.

जमा झाले म्हणजे कुठे? आपल्या बचत खात्यात नाही. कर्जखात्याला जोडलेल्या एका वेगळ्या खात्यात, ज्याला बँकेत मिरर खातं म्हणतात. तिथे ते तीन वर्षं पडून राहतात. बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता सोडल्यापासून तीन वर्षांनी कर्ज नियमित असेल आणि युनिट चालू असेल तर रक्कम कर्जात वळती होते. मधेच खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं तर ती बँकेच्या वसुलीत जाते. गावात चार जणांनी 'सव्वाचार लाख मिळाले म्हणे' असं विचारलं. त्या महिन्यात हप्ता भरायला आम्ही गर दहा रुपये कमी दराने विकला होता.

मिरर खात्यातल्या रकमेवर बँक व्याज देत नाही, आणि तेवढ्याच कर्जावर व्याज लावतही नाही. लावायचं नसतं. आमच्या खात्यावर पूर्ण शिलकीवर लागत राहिलं. ४,२०,००० वर साडेदहा टक्क्यांनी महिन्याला ३,६७५. तीन महिन्यांनी विवरण काढलं तेव्हा लक्षात आलं, ११,०२५ जादा गेले होते. तोंडी सांगून काही झालं नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमधला तो परिच्छेद जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, एक प्रत अग्रणी बँकेला दिली. जुलैत रक्कम परत फिरली. शाखेतल्या माणसाची लबाडी नव्हती, त्यांच्याकडे या योजनेचं ते पहिलंच प्रकरण होतं आणि संगणकात ती सोय हाताने लावावी लागते. पण विवरण आपण बघितलं नसतं तर ते कुणीच बघितलं नसतं.

खर्चाचा एकत्र आकडा पुष्कळ जण विचारतात. स्वतःच्या १,२०,००० व्यतिरिक्त, अनुदानात न धरलेला खर्च असा : परवाना, पाणी तपासणी, सीए, स्टँप, विमा मिळून २३,९००, हमीची पहिल्या वर्षाची फी ८,१४०, वीजजोडणी ३८,६००, साइझिंग मशीन ५५,०००. बेरीज १,२५,६४०. कोल्हापूरच्या एसटीच्या फेऱ्या यात नाहीत. जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटरवर असलं की एक सही म्हणजे एक दिवस. निघण्याआधी फोन करून साहेब जागेवर आहेत ना, एवढं विचारायची सवय लागली.

२०२४ च्या हंगामात चार लाखांची मर्यादा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच संपली. पुढची बी ओळखीच्या बागायतदारांकडून अर्धे पैसे रोख आणि अर्धे गणपतीपर्यंत, अशा बोलीवर घेतली. दर किलोमागे तीन रुपये जास्त पडला. सावकारापेक्षा ते परवडलं. वर्षअखेरीचा ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रं दाखवून मर्यादा सहा लाखांवर नेता आली. त्यासाठी उलाढाल कागदावर ३० लाख दिसावी लागली, म्हणजे कच्च्या चिठ्ठीवरची विक्री बंद करून सगळी पक्क्या बिलावर आणावी लागली. ज्यांना ते नको असतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

योजनेची मुदत आधी २०२४-२५ पर्यंत होती, मग २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. नवा अर्ज करणाऱ्याने कोटेशनं गोळा करायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्यावी. आणि काजू, आंबा, फणस, करवंद असं हंगामी काही असेल तर उलटीकडून मोजावं. मार्चला यंत्र फिरायला हवं असेल तर वीज डिसेंबरात, यंत्रं नोव्हेंबरात, मंजुरी ऑगस्टात आणि अर्ज त्याच्या आदल्या वर्षी.

आमची तीन वर्षं २० ऑक्टोबर २०२६ ला भरतात. तोवर दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता आणि १० तारखेला बँकेत साठ्याचं पत्रक. त्यात अख्खा गर, पाकळी, तुकडा आणि बी यांचं वजन वेगवेगळं लिहायचं असतं. पहिल्या महिन्यात सगळं एकत्र लिहिलं होतं, म्हणून परत आलं.